एवढंच व्हय?

आई जिना चढून वर आली तेव्हा रात्रीचे साडेअकरा होऊन गेले होते. आमच्या शहापुरातल्या घराच्या गच्चीला सतरा पायऱ्या आहेत आणि गुडघ्यांमुळे आई गेली तीन वर्षं वाळवण घालायलासुद्धा वर येत नाही. 7 सप्टेंबर 2025चा रविवार. आदल्या संध्याकाळी गणपती निघाले होते. निघाले होते म्हणायचं, गेले होते म्हणता येत नाही, कारण बेळगावातली मिरवणूक दुसरा दिवस उजाडला तरी संपत नाही. रस्त्यावर गुलालाचा चिखल, कानात ढोल अजून वाजतोय असा भास, आणि त्यातच दुपारी एकच्या सुमारास वेध लागलेले. आईनं दुधात, दह्यात, लोणच्याच्या बरणीत, पाण्याच्या कळशीत तुळशीची पानं टाकून ठेवली आणि देव्हाऱ्यावर धूतवस्त्र ओढलं. दहाला तीन मिनिटं असताना ग्रहण लागलं, अकराला चंद्र पुरता सावलीत गेला. मी वरून खाली वाकून सहज ओरडले, "आई, तांबडा झालाय बघ." माझं ते नेहमीचंच. दर ग्रहणाला मी असं काहीतरी ओरडते आणि ती आतून "बघ तूच" म्हणते. त्या रात्री खालून आवाज आला, "येऊ व्हय वर?"

माझ्या माहितीत आईनं आयुष्यात एकही ग्रहण बघितलेलं नाही.

ती आली. डोक्यावरून पदर घेतलेला, एक हात कठड्यावर, एक माझ्या खांद्यावर. ढग फाटत होते, जुळत होते. मधल्या एका फटीत चंद्र आला. वर्तमानपत्रांतून ‘रक्तवर्णी’ वगैरे लिहितात तसा काही तो नव्हता. वर्षभर चिंच न लावलेल्या तांब्याच्या घंगाळासारखा दिसत होता, आणि एका कडेला तेवढी कुणीतरी चिंच फिरवून सोडून दिली असावी. मला तो फार आवडला. आई अर्धा मिनिट बघत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "एवढंच व्हय?" आणि आडव्या पावलांनी, एकेक पायरी मोजत, खाली निघून गेली.

तो शब्द तेव्हापासून अडकून बसलाय. खरं तर मला रागच आला होता. आकाश काही मी भाड्यानं आणलेलं नव्हतं, तरी पाहुण्यांना वाढलेल्या पुरणपोळीला नावं ठेवली की लागतं तसं लागलं.

आमच्या घरातली ग्रहणं म्हणजे मुख्यतः न बघितलेली ग्रहणं. त्यांतलं सगळ्यात मोठं 16 फेब्रुवारी 1980चं. त्या दिवशी मी होते, पण आईच्या पोटात. सातवा लागलेला, पहिलं बाळंतपण, म्हणून आई माहेरी येळ्ळूरला. आजीनं तिला सकाळपासून माजघरात निजवलेलं. पाय सरळ, हात सरळ, कूस बदलायची नाही, खाजवायचं नाही, पदराची घडीसुद्धा घालायची नाही. काही कापलं तर पोराचा ओठ फाटतो, काही मुडपलं तर बोटं मुडपतात. घरातल्या विळ्या, कोयत्या, सुया, कात्र्या सगळं उचलून माळ्यावर टाकलं होतं. बाहेर सोप्यात पितळी परातीत पाणी घालून मुसळ उभं केलेलं. मुसळ उभं आहे तोवर ग्रहण आहे, पडलं की सुटलं, असा हिशेब. (मुसळाचा बूड सपाट असेल तर ते कुठल्याही दिवशी उभं राहतं. मी कॉलेजात असताना एका साध्या मंगळवारी करून दाखवलं होतं. आजी म्हणाली, मंगळवारी ते तुझ्यासाठी उभारलंय, त्या दिवशी देवासाठी उभारलं होतं. यावर काय बोलणार?)

आई त्या दुपारचं जे सांगायची त्यात आकाश कुठंच नव्हतं. होते ते आवाज. सव्वातीननंतर कोंबड्या खुराड्याकडे निघाल्याची कुरकुर. गोठ्यात म्हैस उगाच हंबरली. गल्लीत एकाही माणसाची चाहूल नाही, आणि मग गावाबाहेरच्या वस्तीकडून एकदम हाळी, "दे दान, सुटे गिराण!" दाराखालच्या फटीतून येणारा उजेड हळदीच्या पाण्यासारखा झाला आणि मग तोही फिका पडत गेला. आणि एक गोष्ट ती आवाज खाली करून सांगायची. माजघराच्या कौलांत एक फट होती, तिच्यातून रोज दुपारी जमिनीवर रुपयाएवढा कवडसा पडायचा. निजल्या निजल्या तिला तेवढाच दिसत होता. त्या दिवशी तो रुपया एका बाजूनं कुरतडला गेला, अर्धा झाला, आणि शेवटी जमिनीवर नुसता विळा राहिला. घरातल्या सगळ्या विळ्या उचललेल्या आणि ही शेणानं सारवलेल्या भुईवर उजेडाची विळी, तिच्या हातापासून वीतभर लांब. तिनं डोळे गच्च मिटून घेतले. मी जन्मल्यावर म्हणे तिनं आधी माझा ओठ बघितला, मग मुलगा की मुलगी ते.

लहानपणी मला ही भुताची गोष्ट वाटायची. भीतीनं काहीतरी दिसलं असेल, असं मोठेपणी वाटायला लागलं.

26 डिसेंबर 2019ला सकाळी टिळकवाडीत एका मैत्रिणीच्या अंगणात आम्ही चार बायका ग्रहणाचे चष्मे लावून उभ्या होतो. कासरगोड, मंगळूर, कोडगू या पट्ट्यात कंकणाकृती दिसणार होतं, आमच्या वाट्याला खंडग्रास. थंडी होती, आणि ऊन असूनही ते अंगाला लागत नव्हतं, जणू कुणीतरी उन्हातला कस काढून घेतलाय. मैत्रिणीचा मुलगा आंब्याखालून ओरडला, "काकू, खाली बघा!" झाडाखालची सगळी फरशी विळ्यांनी भरली होती. पानापानांच्या फटींतून पडलेला एकेक कवडसा एकेक विळा. शेकडो. कवडसा गोल असतो तो फट गोल असते म्हणून नव्हे, सूर्य गोल असतो म्हणून, हे शाळेत शिकले होते, पण ते कळलं त्या फरशीवर. मी खाली बसून राहिले. माजघरात हात सरळ करून निजलेल्या त्या बावीस वर्षांच्या पोरीला जे दिसलं होतं ते ग्रहणच होतं, शंभर टक्के खरं, डोळ्याला अपाय न होता, सूर्याकडे पाठ करून. येळ्ळूरच्या त्या गल्लीत ज्यांच्या घराला दारं होती त्यांच्यापैकी बहुधा एकट्या तिनंच ते बघितलं. आणि दारांच्या बाहेर असलेल्यांनी, ज्यांना ग्रहणाचं दान मागायला त्या वेळी रस्त्यावर यावंच लागायचं, त्यांनी. शिवाशिवीच्या घडणीतली ही एक गंमत, म्हणजे गंमत म्हणवत नाही अशी. आत बसलेल्यांनी पुण्य साठवलं आणि आकाश बाहेरच्यांना मिळालं.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात मात्र कलबुर्गीजवळच्या ताजसुलतानपूरचा फोटो होता. अपंग मुलांना ग्रहणाच्या वेळी गळ्यापर्यंत मातीत पुरलं होतं, व्यंग जाईल म्हणून. एक मूल रडत होतं. मुसळावर हसता येतं, तुळशीपत्रांवर हसता येतं. आईच्या सरळ निजण्यावर मी आयुष्यभर हसत आले. तो फोटो बघितल्यावर हसण्याची आणि चिडण्याची सीमा नक्की कुठं आखायची ते मला कळेनासं झालं. सीमा आखायच्या कामात आम्ही बेळगावची माणसं तशीही फारशी यशस्वी नाही.

तर, बाबा. आई येळ्ळूरला भुईवरचा विळा बघत होती तेव्हा बाबा हुबळीत होते, शंभरेक किलोमीटरवर, एका दुकानात हिशेब लिहायला. शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं ते घरी यायचे, त्या शनिवारी आले नाहीत. चंद्राच्या सावलीचा पट्टा त्या दुपारी कारवार-अंकोल्याच्या किनाऱ्यावर उतरून हुबळी, रायचूर करत पुढं कोणार्क-पुरीकडे निघाला होता. हुबळी पट्ट्यात होती. बेळगाव नव्हतं. आमच्याकडे सूर्याची थोडीशी कोर उरली. थोडीशीच म्हणून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही. सूर्य पौर्णिमेच्या चंद्राच्या सुमारे चार लाख पट तेजस्वी. त्याचा शंभरावा भाग उघडा राहिला तरी चार हजार पौर्णिमा एकदम उगवल्यासारख्या. तेवढ्या उजेडात सूर्याभोवतीचं प्रभामंडल दिसणं शक्य नाही, त्याचं तेज जेमतेम एका पौर्णिमेएवढं. म्हणजे बेळगावला दुपार विटली, हुबळीला रात्र झाली. एकाच जागी खग्रास सूर्यग्रहण परत यायला सरासरी पावणेचारशे वर्षं लागतात म्हणतात. चंद्रग्रहणाला असला भेदभाव नाही, ज्या अर्ध्या पृथ्वीवर रात्र असते त्या सगळ्यांना ते एकसारखं दिसतं.

बाबा ती गोष्ट सांगायचे तेव्हा हातवारे करत सांगायचे. डॉक्टरांकडून मागून आणलेली एक्स-रेची फिल्म (हे कुणी करू नका, तिनं डोळा वाचत नाही), खोलीवरची गच्ची, खाली सगळा रस्ता ओस, कुत्रीसुद्धा गप्प. पावणेचारच्या आसपास पश्चिमेकडून अंधार धावत आला, वळवाचा पाऊस येतो तसा. शुक्र लखकन दिसला. आणि सूर्याच्या जागी काळं भोक. किती वेळ? ऐंशीच्या दशकात दोन-अडीच मिनिटं, जे बरोबर आहे. मी मॅट्रिक होईतो पाच मिनिटं, आणि शेवटी शेवटी तर नातवंडांना सांगताना पाव तास. पण घरात या गोष्टीला विरोधी पक्ष होता. काका त्यांच्याबरोबर त्याच खोलीत राहायचे. ते म्हणायचे, "कसला बघतोय तुमचा बाप. दार लावून, पांघरूण घेऊन पडला होता. मीच खिडकीला गोणपाट लावलेलं." यावर बाबा नुसते हसायचे. दोघंही आता नाहीत, त्यामुळे निकाल लागण्याची शक्यता संपली, असं मी धरून चालले होते.

ग्रहणांच्या आठवणींचं असंच होतं, एकमेकींत मिसळतात. कोकणात विजयदुर्गाला गेलं की किल्ल्यावर ‘साहेबाचे कट्टे’ दाखवतात आणि लॉकियर साहेबानं इथं बसून 1868च्या ग्रहणात हेलियम शोधला म्हणून सांगतात. लॉकियर 1868 साली इंग्लंडातच होता, सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची ती पिवळी रेषा त्यानं ऑक्टोबरात तिथूनच बघितली, ग्रहण नसताना. विजयदुर्गाला तो आला खरा, पण 22 जानेवारी 1898च्या ग्रहणाला. तीस वर्षांच्या अंतरावरची दोन ग्रहणं लोकांनी एका चौथऱ्यावर बसवली. आणि 1868ला ज्यानं आमच्या बाजूला येऊन खरंच बघितलं त्याचं नाव कुणाच्या तोंडी नाही. 18 ऑगस्ट 1868ला लेफ्टनंट जॉन हर्शेल जमखंडीला दुर्बीण लावून बसला होता. युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा नातू. जमखंडी म्हणजे तेव्हा पटवर्धनांचं संस्थान, आता बागलकोट जिल्हा. ऑगस्टातलं आभाळ, त्यामुळे ढगांनी त्याचा जीव खाल्ला, आणि ऐन वेळी मिळालेल्या फटीत त्याला सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांच्या वर्णपटात तीन रेषा दिसल्या, तांबडी, नारिंगी, निळी. ज्वाळा म्हणजे तापलेला वायू आहे हे त्या रेषांवरून कळलं. मी जमखंडीला एका लग्नाला गेले होते तेव्हा जेवणाच्या पंगतीत शेजारच्या आजोबांना हे सांगायला लागले. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "ग्रहणात? आणि पुढं त्याला पोरं-बाळं झाली का?"

आमच्या शेजारच्या कन्नड अज्जी म्हणतात, ‘ग्रहणा हिडीतु’, म्हणजे धरलं. सुटताना ‘बिडतु’, सोडलं. आपण म्हणतो लागलं आणि सुटलं. त्यांच्यात कुणीतरी धरणारा आणि सोडणारा आहे, आपल्यात ते तापासारखं आपोआप लागतं. एकाच भिंतीच्या दोन बाजूंना एकाच वेळी स्नानाचं पाणी तापतं, इतका फरक सोडला तर. 1995ला तर ग्रहण दिवाळीतच आलं, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. करंज्या-चकल्यांच्या प्रत्येक डब्यात तुळशीचं पान. टीव्हीवर राजस्थानातलं खग्रास दाखवत होते आणि टीव्हीवर बघितलेलं ग्रहण लागतं की नाही यावर दोन्ही घरांचं एकमत होईना. शेवटी टीव्हीवरच कापड टाकलं. अज्जींच्या घरी आवाज तेवढा चालू ठेवला होता.

धाकटा भाऊ डॅलसला असतो. 8 एप्रिल 2024ला तिथं खग्रास होतं, दुपारी एक चाळीसला. आपल्याकडे रात्रीचे बारा वाजून गेलेले, म्हणजे पाडव्याची पहाट उजाडायला काही तास. त्यानं व्हिडिओ कॉल लावला. आई जागी होती, गुढीचं कापड इस्त्री करून उशाला ठेवून. फोनच्या पडद्यावर काय दिसावं? एक पांढरा डाग. अंधार झाला तेव्हा फोननं आपल्या अकलेनं उजेड वाढवला, त्यामुळे अंधारसुद्धा नीट दिसला नाही. ऐकू मात्र सगळं आलं. शेकडो माणसांचा एकदम उठलेला आवाज, भावजयीचं रडू, पोरांच्या किंकाळ्या, पावणेचार मिनिटं. आई म्हणाली, "तिथं कुणी आत बसलं न्हाई?" भावानं सांगितलं की शेजारची मेक्सिकोची बाई गरोदर आहे, ती आत बसलीय, पोटावर कपड्याला सेफ्टी पिन लावून, त्यांच्यात तसंच करतात. आईचा चेहरा उजळला. "बघ," मला म्हणाली, जणू विरोधी पक्षातला एक माणूस फुटून तिच्याकडे आला होता. मग बऱ्याच वेळानं, दिवा मालवल्यावर, "ते एवढे ओरडले कशाला?"

मला हे तेव्हा ऐकू आलं, पण कानात शिरलं नाही.

नवरात्राच्या आधी घर काढलं. आई खाली बसून पितळेला चिंच लावत होती आणि मी माळ्यावरून भांडी काढून देत होते. घंगाळ हातात आलं तसं मला गच्चीवरचा चंद्र आठवला आणि तोंडातून गेलं, "त्या दिवशी तू एवढंच व्हय म्हणालीस. तुला काय वाटलं होतं, काय दिसणार?"

ती चिंच चोळत राहिली. "काळा," म्हणाली. "ह्यांनी सांगितलेलं तसं. मधी काळा गोल आणि भोवतीनं पांढरं, शेवंतीच्या फुलागत. सगळीकडनं पाकळ्या." चिंचेचं पाणी मनगटावरून ओघळलं. "हे तसलं कुठं होतं? नुसता तांबडा."

म्हणजे तिनं पंचेचाळीस वर्षं सांभाळलेलं ग्रहण सूर्याचं होतं आणि मी तिला चंद्राचं दाखवलं. सतरा पायऱ्या चढवून. लग्न एका घरी ठरलेलं आणि वऱ्हाड दुसऱ्याच घरी उतरावं, तसं. पण मला त्या क्षणी ‘शेवंती’नं धरलं, अगदी अज्जी म्हणतात तसं. बाबांच्या तोंडून मी काळं भोक ऐकलं होतं, शुक्र ऐकला होता, अंधाराचा वळीव ऐकला होता. शेवंती कधी ऐकली नव्हती. ती त्यांनी फक्त तिला सांगितली होती. आणि सूर्याचं प्रभामंडल दर वेळी तसं नसतं. सूर्य शांत असतो त्या वर्षी ते दोन बाजूंना ताणलेलं असतं, पंखांसारखं. सूर्याची दर अकरा वर्षांनी येणारी भरती चढलेली असते तेव्हाच ते चारी बाजूंनी सारखं फुलतं. 1980ला ती भरती ऐन जोरात होती. त्या ग्रहणाचे फोटो मी रात्री काढून बघितले. शेवंतीच.

काका, तुमचं गोणपाट राहू द्या.

आता हेही खरं की फोटो पेपरात आलेच असतील, बाबा पेपर पहिल्या पानापासून शेवटापर्यंत वाचणारे होते, आणि बायकोला सांगताना त्यातली एक शेवंती उचलणं त्यांना अजिबात जड गेलं नसतं. हेही मला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईला फोनवरचा फोटो दाखवला. तिनं चष्मा लावला, फोन लांब धरला, जवळ धरला. "हेच," म्हणाली, जणू तिनंच बघितलं होतं आणि मी ओळख पटवायला आले होते.

मग मी तिला सांगायला लागले की 2 ऑगस्ट 2027ला आहे. तिनं कालनिर्णय नसतानाही बोटांवर मोजलं आणि म्हणाली, आषाढातली अवस, दिव्यांची. आपल्याकडे खंडग्रास, दुपार उतरताना, आणि ऑगस्टात बेळगावचा पाऊस, तेव्हा बघायला मिळेल ती फक्त छत्री. पण इजिप्तमध्ये लक्सरला खग्रास आहे, सव्वासहा मिनिटांहून जास्त. भाऊ जायचं म्हणतोय, तो सारखा म्हणत असतो.

"तिथं पाऊस न्हाई?"

"तिथं पाऊसच पडत नाही म्हणे."

"आणि दाखवायला जिना असंल."

"नाही गं. वाळवंट आहे. सपाट."

तिनं घंगाळ पालथं घालून ठेवलं, ऊन लागेल असं. "तरी आधी गुडघ्याचं बघ कुणाला तरी," म्हणाली.